४८ लाखांचं प्रपोजल आणि पोतंभर राख

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. मराठवाड्यातल्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात सहायक प्राध्यापक आहे. तीन वर्षांपूर्वी पीएचडी झाली. साखर कारखान्यातल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख वापरून काळ्या मातीचं स्थिरीकरण (रस्त्यासाठी ती घट्ट, कमी फुगणारी करणं) हा विषय. संशोधनाला निधी देणाऱ्या 'सर्ब' या सरकारी मंडळाकडे एकदा आणि दुसऱ्या एका यंत्रणेकडे एकदा असं दोनदा ४८ लाखांचं प्रपोजल पाठवलं, दोन्हीकडून नकार आला. 'नावीन्य नाही' आणि 'संस्थेत पुरेशा सोयी नाहीत' एवढाच शेरा. प्राचार्य म्हणतात, हे आयआयटीवाल्यांचं काम, तुम्ही लेक्चर घ्या. एका मोठ्या संस्थेतले प्राध्यापक म्हणतात, मी मुख्य अन्वेषक (प्रकल्पाचा प्रमुख) राहतो, तुम्ही सहअन्वेषक व्हा, यंत्रं आमच्याकडे राहतील. शिवाय टक्केवारीवर प्रपोजल लिहून देणारे एक गृहस्थही भेटले. काय करावं? कारखान्याच्या अध्यक्षांशी ओळख आहे, तिथून सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळेल का? प्रपोजलची प्रत सोबत जोडली आहे.
— एक सहायक प्राध्यापक

सर,

ते टक्केवारीवाले गृहस्थ आधी डोक्यातून काढून टाका. तुमच्या मातीबद्दल त्यांना तुमच्याहून कमी कळतं, आणि उद्या प्रपोजलमध्ये उचललेला मजकूर सापडला तर नाव तुमचं खराब होईल, त्यांचं नाही. तो विषय संपला.

तुमचं प्रपोजल मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूनं, आणि एकदा निधी ठरवणाऱ्या समितीत बसून वाचावं तसं. ३१ वर्षं मृदा अभियांत्रिकी शिकवली, त्यात काही वर्षं अशा समित्यांवर बसले. जेवणानंतरचं सत्र असतं, समोर गठ्ठा असतो, एकेका प्रपोजलला दहा मिनिटं मिळाली तरी खूप. त्या वेळी तुमचं प्रपोजल हाती आलं असतं तर मीही ते बाजूला ठेवलं असतं. रागावू नका, का ते सांगते.

पहिली सहा पानं काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज म्हणजे काय, देशात ऊस किती पिकतो, यात गेली आहेत. नमनाला घडाभर तेल. काळी माती फुगते हे समितीतल्या माणसाला माहीत असतं हो, त्याच्या गावाकडच्या भिंतीलाही तडे गेलेले असतात! मग येतात उद्दिष्टं : मातीत ५, १०, १५, २० टक्के राख मिसळायची आणि सीबीआर (रस्त्याखालच्या मातीची भार पेलण्याची ताकद सांगणारा आकडा) किती वाढतो ते बघायचं. आता तुमचीच संदर्भयादी उघडा. त्यातल्या बहुतेक लेखांनी हेच केलंय. टक्के तेच, चाचण्या त्याच, आलेखाचा आकारही तोच. 'नावीन्य नाही' हा शेरा तुमच्या संदर्भयादीनंच लिहून दिला, समितीनं फक्त सही केली.

पण अकराव्या पानावर, नमुने कसे घेतले ते सांगताना, तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय. हंगामाच्या सुरुवातीची राख आणि शेवटची राख वेगळी वागली, दोन कारखान्यांच्या राखेतही फरक पडला, म्हणून सगळे नमुने एकाच कारखान्याचे आणि एकाच आठवड्याचे घेतले.

सर, तुमचं संशोधन हेच आहे आणि तुम्ही ते उंबऱ्याबाहेर ठेवलंत. पीएचडीसाठी ठीक होतं, तिथे आकडे नीट बसावे लागतात. पण जिल्हा परिषदेचा उपअभियंता पाणंद रस्त्यावर उभा असतो तेव्हा त्याच्यापुढे कारखान्याच्या मागचा ढीग असतो, आणि तो ढीग एका आठवड्याचा नसतो. जुन्या कारखान्याचा बॉयलर वेगळा, सहवीजनिर्मितीचा उच्च दाबाचा बॉयलर वेगळा. जळण नीट झालं नाही तर राखेत न जळलेला कार्बन राहतो, फार तापलं तर सिलिका स्फटिकरूप होते आणि राखेबरोबर मातीत घालायच्या चुन्याशी धड बोलेनाशी होते. उसाबरोबर शेतातली माती-वाळू येते, तीही राखेतच उतरते. कुठे राख कोरडी निघते, कुठे धुराड्यातला धूर पाण्यानं धुतात तिथे ती गाळ होऊन येते. एवढं सगळं एका 'बगॅसची राख' या नावाखाली खपतं, आणि मग एका लेखात सीबीआर दुप्पट होतो, दुसऱ्यात हलत नाही.

तुमचं प्रपोजल असं विचारू शकतं : तुमच्या विद्यापीठाच्या परिसरातल्या सहा-सात कारखान्यांची राख एका हंगामात तीन वेळा घेतली तर तिच्यात किती फरक पडतो, तो फरक कशामुळे, आणि ढिगापाशीच करता येईल अशी एखादी सोपी चाचणी आहे का की जिच्यावरून चुन्याचं प्रमाण ठरवता यावं? तापवल्यावर वजन किती घटतं ही चाचणी तर कारखान्याच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. तिच्यावरून निम्मं काम भागतं का, हे कुणी नीट तपासलेलं मला तुमच्या यादीत दिसलं नाही. हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या प्रयोगशाळेत बसून सोडवता येत नाही. तो सोडवायला कारखाने ज्याच्या घरापासून तासाभरावर आहेत असा माणूस लागतो. 'संस्थेत सोयी नाहीत' या शेऱ्याला याहून चांगलं उत्तर नाही.

आता पैसा. तुम्ही ज्याला अजून 'सर्ब' म्हणता ते आता नाही. २०२३च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं, 'सर्ब' त्यात विलीन झालं. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी असं घोषित झालं, आणि आपल्या स्टाफरूममध्ये तो आकडा अजून चहाबरोबर फिरतो. पण त्यातले सरकारचे १४,००० कोटी, बाकीचे ३६,००० कोटी उद्योग, देणग्या असे बाहेरून यायचे आहेत. म्हणून तो आकडा बघून स्वप्न रंगवू नका.

या फाउंडेशनच्या एकेका योजनेचा स्वभाव वेगळा आहे, आणि बरेच जण इथेच चुकतात. प्रपोजल एकच लिहायचं आणि दिसेल त्या दारात टाकायचं. तुम्हीही दोन्हीकडे तेच ४८ लाख पाठवलेत, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदललंत (दुसऱ्या प्रतीच्या तळटीपेत पहिल्या यंत्रणेचं नाव राहिलंय, बघा). प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट नव्यानं लागलेल्या तरुण शिक्षकांसाठी, वयाची अट ४२, तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. तुम्ही वयात बसता. पण तिथे आयआयटीत नुकते रुजू झालेले, परदेशातून आलेले सगळे रांगेत असतात. तिथे अर्ज करूच नका असं नाही, पण पहिली उडी तिथे नको.

तुमच्यासाठी मला टेअर बरी वाटते. टीचर्स असोसिएटशिप फॉर रिसर्च एक्सलन्स. राज्य विद्यापीठातल्या किंवा खासगी महाविद्यालयातल्या कायम शिक्षकानं आपली नोकरी न सोडता आयआयटी, एनआयटी, सीएसआयआरची प्रयोगशाळा अशा ठिकाणी जाऊन-येऊन काम करावं, अशी तिची कल्पना. वर्षाला ५ लाख संशोधनासाठी, ६०,००० तुम्हाला स्वतःला, मुदत तीन वर्षं, आणि यजमान संस्थेत वर्षाला किमान ९० दिवस. दोन सुट्ट्या आणि थोडे शनिवार-रविवार धरले तर ९० दिवस जमतात, घरचे मात्र बोलणी देतात. अनुभवाचे बोल आहेत. मराठवाड्यातून नागपूरचं व्हीएनआयटी, तिथली एनआयटी, काही चंद्रावर नाही. कॉल निघाल्यावर त्या वर्षीच्या अटी शब्दन् शब्द वाचा. मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबून अर्ज भरणाऱ्यांची मी एक वेगळी फाईल करू शकेन.

त्या मोठ्या प्राध्यापकांचं काय, याचं उत्तरही यातच आहे. ते म्हणतात त्या रचनेत यंत्रं त्यांची, रिसर्च फेलो त्यांचा, लेखात पहिलं नाव त्यांचं, आणि राखेची पोती तुमची. नाही म्हणा, पण दार लावू नका. म्हणा, "सर, टेअरसाठी तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?" त्यात मुख्य अन्वेषक तुम्हीच राहता आणि त्यांची यंत्रं तुम्हाला वापरायला मिळतात. ते हो म्हणाले तर माणूस चांगला. टाळाटाळ केली तर तुमचा तीन वर्षांचा मनस्ताप वाचला.

राज्यातही दारं आहेत. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग महाराष्ट्राच्या प्रश्नांवर तंत्रज्ञान लावून बघणाऱ्या कामांना मदत करतो, त्यांना असा जमिनीवरचा विषय कळतो. संलग्न विद्यापीठ स्वतःच्या निधीतून शिक्षकांना छोटी अनुदानं देतं. रक्कम ऐकून लोक नाक मुरडतात. मुरडू नका. मोठ्या अर्जात 'यापूर्वी मिळालेला प्रकल्प' असा रकाना असतो, आणि तो रिकामा नसला की समितीचा आवाज बदलतो. लाखाचा हिशेब वेळेत दिलेला माणूस २५ लाखांचाही देईल, असा तो साधा तर्क. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सकडे विद्यार्थी-प्रकल्पांना छोटी मदत मिळते, तीही घ्या. पहिल्या कारखान्याचे नमुने त्यात होऊन जातील.

सीएसआरबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. कारखान्याच्या अध्यक्षांशी ओळख आहे म्हणता. ओळख ठेवा, पण कायदा आधी वाचा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संशोधनासाठी ज्यांना पैसा देता येतो त्यात सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा येतात. तुमचं खासगी महाविद्यालय त्यात बसत नाही. जायचं तर विद्यापीठामार्फत जावं लागेल. आणि मुळात सहकारी कारखाना म्हणजे कंपनी नव्हे, हेही लक्षात असू द्या. त्याच्याकडे पैशाऐवजी राख मागा, नमुने घ्यायची लेखी परवानगी मागा, बॉयलरच्या तापमानाच्या नोंदी मागा. हे तीन कागद प्रपोजलला जोडले की त्यांची किंमत पैशाहून जास्त होते.

४८ लाखांकडे येऊ. त्यातले निम्म्याहून जास्त यंत्रांचे आहेत. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मागितलाय! सर, तो ठेवणार कुठे? त्याला वातानुकूलन, अखंड वीज, चालवणारा माणूस आणि दरवर्षीचा देखभाल करार लागतो. तीन वर्षांत तुम्हाला बघायचे आहेत फार तर साठ-सत्तर नमुने. आयआयटी मुंबईच्या सैफ या चाचणी केंद्रात बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देतात, तशीच सोय इतरत्रही आहे. आय-स्टेम या पोर्टलवर कुठल्या संस्थेत कुठलं यंत्र आहे ते शोधता येतं. 'मायक्रोस्कोप द्या' या ओळीच्या जागी 'इतके नमुने, इतक्या दरानं, अमुक संस्थेत, त्यांचं दरपत्रक सोबत' असं लिहा. समितीतला माणूस ताठ बसतो, कारण यानं आधीच फोन केलाय हे त्याला दिसतं.

ट्रायअ‍ॅक्सियल हे मातीची ताकद मोजणारं यंत्र जुनं झालंय म्हणता. ते संशोधन प्रकल्पातून नका मागू. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मॉडरॉब्स योजनेचा हेतूच प्रयोगशाळा अद्ययावत करणं हा आहे. ती खुली झाली की विभागाच्या नावानं अर्ज करा. तिथे विद्यार्थीसंख्या आणि अभ्यासक्रम दाखवायचा असतो, नावीन्य नव्हे.

मग उरतो तो खरा खर्च, माणसाचा. ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनंतर सीनियर झाल्यावर ४२,०००. म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे ८,८८,०००, तिसऱ्याचे ५,०४,०००, एकूण १३,९२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. त्यावर प्रवास, चुना, रसायनं, बाहेरच्या चाचण्या, एक बरी भट्टी, चाचणीसाठी बांधायचा रस्त्याचा शंभर मीटरचा तुकडा, संस्थेचा ओव्हरहेड (तिचा वरखर्चाचा वाटा). मी कागदावर मांडून पाहिलं, २७-२८ लाखांच्या पुढे जात नाही. रक्कम कमी केली म्हणून मंजुरी मिळते असं नाही. फुगवलेली रक्कम दिसली की कामाचा अंदाज नाही असं वाटतं, एवढंच. उलट ताकाला जाऊन भांडंही लपवू नका. प्रवासाला तुम्ही वर्षाला २०,००० धरलेत. सात कारखाने, तीन फेऱ्या, पोती घेऊन भाड्याची गाडी, त्यात कसं भागेल?

आता वेळापत्रक. तुमच्या तक्त्यात 'महिना १ ते ६ : साहित्य गोळा करणे' आहे. कुठले सहा महिने? गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला चिमणी थंड होते. मंजुरी एप्रिलमध्ये आली तर तुमचे ते सहा महिने कोरडेच जातील. रस्त्याचा तुकडा पावसाआधी, मेअखेरपर्यंत व्हायला हवा, आणि निदान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा त्यानं सोसायला हवा. फुगणं-आकसणं त्याशिवाय कळणारच नाही. तीन वर्षांत तुम्हाला हंगाम तीन मिळतील आणि पावसाळे तीन. पहिला पावसाळा प्रयोगशाळेतच जाईल. म्हणून तक्ता महिन्यांचा न करता हंगाम आणि पावसाळ्यांचा करा. मंजुरी मार्चमध्ये आली तर काय आणि सप्टेंबरमध्ये आली तर काय, हे दोन ओळींत लिहा. मी समितीत असताना असं लिहिलेलं एकच प्रपोजल पाहिलं. विषय विसरले, पण ते मंजूर झालं होतं हे लक्षात आहे.

एक माझी गोष्ट सांगते, कारण पैसे मिळाल्यावरचं कुणी सांगत नाही. माझा पहिला प्रकल्प दोन वर्षांचा होता. यंत्राची तीन कोटेशन्स आणली, तुलनात्मक तक्ता केला, आणि तो आमच्या तेव्हाच्या संस्थेच्या कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहिला. एकदा सही राहिली, एकदा खरेदी समितीतले गृहस्थ रजेवर, एकदा आर्थिक वर्ष संपलं. यंत्र आलं चौदाव्या महिन्यात. तोवर फेलो बँकेत नोकरीला लागला होता. न वापरलेले पैसे व्याजासकट परत केले. व्याज परत करायचं असतं हेही मला तेव्हा कळलं! तेव्हा अर्जावर प्राचार्यांची सही घ्यायला जाल तेव्हाच विचारून घ्या : प्रकल्पाचं खातं वेगळं असेल ना, खरेदीची फाईल किती दिवसांत सुटेल, फेलोची जाहिरात कोण काढणार. संस्थेच्या पगाराची ओढाताण असेल तर प्रकल्पाच्या पैशाला 'तात्पुरता' हात लागण्याचा मोह होतो, आणि पैसा कशावर खर्च झाला ते सांगणाऱ्या युटिलायझेशन सर्टिफिकेटवर सही तुमचीही असते. कार्यालयातल्या लेखापालांना आतापासून चहा पाजा. चेष्टा नाही करत. खासगी संस्थांकडे एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा नोंदणी क्रमांक मागितला जाऊ शकतो, तो संस्थेकडे आहे का हे सांगणारा माणूस तोच.

आणि प्राचार्य. त्यांच्याशी 'संशोधन' या शब्दावर वाद घालू नका. त्यांना महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तारीख विचारा. तिथे संशोधनासाठी बाहेरून आलेला निधी मोजतात. म्हणा, सर, सुरुवातीला पन्नास हजार सीड मनी द्या, त्यावर बाहेरचा निधी आणतो, रकाना भरेल. 'आयआयटीवाल्यांचं काम' म्हणणारे प्राचार्य त्या रकान्यासमोर फार मऊ होतात. शिवाय तुमच्या विभागात काँक्रीटच्या क्यूबच्या आणि मातीच्या चाचण्यांचं कन्सल्टन्सीचं काम येतंच, त्यातला विभागाचा वाटा कुठे जातो तेही हळूच विचारा.

नवं प्रपोजल लिहायला लगेच बसू नका. आधी एक पान लिहा : काय माहीत नाही, ते माहीत झालं तर कुणाचं काय अडलेलं सुटेल, आणि पहिल्या महिन्यात तुम्ही नेमकं काय कराल. ते पान विभागातल्या कुणाला न दाखवता एखाद्या उपअभियंत्याला आणि कारखान्याच्या चीफ केमिस्टला दाखवा. दोघांना कळलं तर उरलेली पानं लिहा. माझ्याकडे पाठवलंत तर मीही वाचेन, लाल पेनानं.

आणि त्या पानाची वाट न बघता या रविवारी एका कारखान्यावर जा. चिमण्या अजून पेटलेल्या आहेत. बॉयलरच्या राखेचं एक पोतं, ढिगावरचं एक, तारीख आणि वेळ घालून, तोंड शिवून, कोरड्या जागी ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा.